बोट विकू का? कराडच्या एका कयाकरदादांना उत्तर

पत्र असं आहे:

"ताई, वय ५७. कराडात हार्डवेअरचं दुकान आहे. लहानपणी कोयनेत पोहायला शिकलो, पस्तिशीत ऋषिकेशला जाऊन व्हाइटवॉटर कयाकिंग, म्हणजे उसळत्या पाण्यात एकट्याची छोटी बोट चालवणं, शिकलो आणि मग दुसरं काही सुचलंच नाही. इथल्या काही पोरांना मीच शिकवलं, आता ती माझ्यापेक्षा भारी चालवतात. दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा निखळला, बसवून घेतला, तीन-चार आठवडे हात झोळीत ठेवला, बास. यंदा जानेवारीत कोलाडच्या कुंडलिकेवर उलटलो आणि रोल लागेना, उलटी बोट सरळच होईना, शेवटी बोटीचं तोंड झाकणारा स्कर्ट ओढून बाहेर आलो, पोरांनी काठाला लावलं. तेव्हापासून ती मला जपायला लागलीत, 'काका, आज राफ्टमध्ये बसा की.' हे सहन होत नाही. घरी सांगितलेलं नाही. जुलैत सगळे केरळात मलबारला चाललेत, शिवाय कोयनेचे दरवाजे उघडले की आपल्याच नदीत बोटी टाकू म्हणतात, मलाही मोह होतो. आणि खरं सांगतो, रॅपिडच्या, त्या खळाळत्या उताराच्या, तोंडाशी आता पोटात गोळा येतो, पूर्वी येत नव्हता. बाकी तब्येत चांगली, बीपीची एक गोळी चालू आहे, खांदा थोडा कुरकुरतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि दुकानात वरच्या फळीवरचा डबा डाव्या हातानं काढतो एवढंच. सगळे म्हणतात आता तू शिकव. मला शिकवायचं नाहीये ताई, मला बोट चालवायचीये. मी भित्रा झालो का? बोट विकून मोकळा होऊ का?"

दादा, तुम्ही शेवटी "एवढंच" म्हणून जे उरकून टाकलंय ना, मी तिथंच अडकले. भीती, पोरं, मलबार, बोट, सगळ्यावर बोलू, पण आधी त्या फळीवरच्या डब्यावर बोलू. उजव्या हाताचा माणूस, रोज दुकानात तोच हात वापरणारा, तो डबा डाव्या हातानं काढतो आणि रात्री उजव्या कुशीवर झोपू शकत नाही, याला खांदा कुरकुरणं म्हणत नाहीत हो. इथं सांगलीत माझ्याकडे फिजिओसाठी पैलवान येतात, व्हॉलीबॉलवाले येतात, भिंती रंगवणारे येतात, आणि हेच वाक्य घेऊन येतात, हात वर जात नाही आणि रात्री झोप लागत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा रोटेटर कफ फाटलेला निघतो.

थोडं समजावून सांगते, कारण निखळलेला खांदा बसवला म्हणजे काम झालं असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. खांद्याचा सांधा म्हणजे मोठा चेंडू आणि अगदी उथळ वाटी, म्हणून तर हात एवढा चौफेर फिरतो, आणि तो चेंडू वाटीत धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या शिरा (टेंडन) करतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. विशीतल्या पोराचा खांदा निखळला की त्याला धोका असतो तो पुन्हा पुन्हा निखळण्याचा. चाळिशीनंतर निखळला तर पुन्हा निखळण्याची शक्यता त्या मानानं कमी असते, पण त्या झटक्यात कफ फाटलेला असण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणजे तुमच्या पोरांपैकी कुणाचा निखळला असता तर त्याला जे सांगितलं असतं ते तुम्हाला लागू पडत नाही. तुम्ही हात झोळीत ठेवला, सूज उतरली, दुखणं कमी झालं, तुम्हाला वाटलं बरं झालं. आत काय झालंय ते कुणी बघितलंच नाही.

तर पहिलं काम, खांद्याचं काम करणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जायचं. कराडात दाखवा नाहीतर मिरजेला या, दीड-दोन तासांचा रस्ता आहे, खांदेदुखीला मिरज गाठणारे तुम्ही काही पहिले नाही. एमआरआय करा म्हणतील, करा. आणि डॉक्टरांना "खांदा दुखतो" एवढंच सांगून गप्प बसू नका, सरळ सांगा की मी जोरात वाहत्या पाण्यात बोट चालवतो, बोट उलटते, उलटं असताना हाताच्या आणि कमरेच्या जोरावर सरळ व्हावं लागतं आणि नाही झालो तर पोहावं लागतं. हे ऐकल्याशिवाय त्यांना कळणार नाही की तुम्हाला हा खांदा कशासाठी हवाय. "आता वय झालं, थोडं दुखणारच" असं ऐकून परत यावं लागलं तर दुसऱ्यांना दाखवा. फाटलेलं किती आहे त्यावर पुढचं ठरेल, थोडं असेल तर व्यायामानं बरंच सावरतं, पूर्ण फाटलेलं असेल तर ऑपरेशनचा विषय निघेल आणि मग तो वेळेत निघालेला बरा, कारण फाटलेली शीर फार दिवस तशीच राहिली की मागं ओढली जाते, स्नायू वाळतो आणि मग जोडायलाही अवघड जातं. दोन वर्षं अशीच गेलीत. आता पावसाळा संपायची वाट बघू नका.

बीपीच्या गोळीचं पण त्याच फेरीत विचारून घ्या, गोळी कुठल्या प्रकारची आहे ते. काही गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात आणि मग जोर लावताना दम लवकर लागतो, माणसाला वाटतं आपण म्हातारे झालो. ऋषिकेशचं पाणी बर्फाचं, त्यात एकदम पडलं की श्वास आत ओढला जातो आणि बीपी उसळतं, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता रोलबद्दल. मी कुंडलिकेवर बोट चालवलीय, तुमच्याइतकी नाही पण रोल काय असतो ते माहीत असण्याइतकी. तुम्ही लिहिलंय "रोल लागेना", आणि पुढं लगेच भित्रेपणाचा प्रश्न विचारलाय, जणू हिंमत कमी पडली म्हणून रोल चुकला. मला तसं वाटत नाही. रोल कमरेतून आणि गुडघ्यातून येतो हे तुम्ही पोरांना शंभरदा सांगितलं असेल, बोट आधी फिरवायची, अंग मागून आणायचं आणि डोकं सगळ्यात शेवटी. पण खांदा दुखरा असला की शरीर आपल्याला न विचारता त्याला वाचवतं. पॅडल पुढं नीट टाकलं जात नाही, कोपर अंगापासून लांब जायला लागलं की हात मध्येच आखडतो, पात्याला पाण्याचा आधार मिळत नाही, आधार नाही म्हटल्यावर माणूस घाबरून डोकं आधी वर काढतो आणि डोकं वर आलं की बोट परत उलटी. पुढच्या वेळी पोहण्याच्या टँकमध्ये कुणालातरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि फक्त डोक्याकडे बघा. मला जवळजवळ खात्री आहे की तिथंच दिसेल.

आणि यातली खरी काळजीची गोष्ट पुढं आहे. रोल चुकला तर काय करायचं, तर स्कर्ट ओढायचा आणि पोहायचं. पोहायचं कशानं? त्याच खांद्यानं. पाय पुढं करून पाठीवर वाहत जायला खांदा लागत नाही हे खरं, पण तसं वाहत राहून कुणी काठाला लागत नाही, कधीतरी पालथं होऊन जीव खाऊन हात मारत एडीत, म्हणजे दगडामागच्या शांत पाण्यात, घुसावं लागतं. काठावरून फेकलेली थ्रो बॅगची दोरी आली तर ती खांद्यावरून घेऊन छातीशी धरावी लागते आणि पाण्याचा सगळा ओढ तिथं येतो. म्हणजे तुमचा रोल चुकायचं जे कारण, तेच तुमचं पोहणं कमी पडायचं कारण. रोल गेला तरी पोहून निघू हा जो तुमचा हिशोब आहे, कोयनेत पोहायला शिकलेल्या माणसाचा तो असणारच, तो सध्या चालत नाही.

म्हणून मी तुम्हाला एकच सांगते आणि बाकी सगळं त्यातूनच येतं. इथून पुढं पाणी निवडताना ज्या पाण्यात तुम्ही बोटीतून बाहेर पडलात तरी हसत काठाला लागाल, तेच पाणी निवडायचं. तुमचा सगळ्यात चांगला दिवस धरून निवडायचं नाही, सगळ्यात वाईट दिवस धरून निवडायचं. तिशी-चाळिशीत माणूस "मला हा रॅपिड मारता येतो का" एवढंच विचारतो आणि ते चालूनही जातं, कारण चुकलं तर निस्तरायला अंगात ताकद असते. आता रॅपिडच्या तोंडाशी उभं राहून खालचा भाग आधी बघायचा. खाली शांत डोह आहे की लगेच दुसरा रॅपिड? काठाला झाडं वाकलीत का, पाणी फांद्यांतून आरपार जातंय का, कारण पाणी जातं आणि माणूस अडकतो. होल, म्हणजे पाणी खाली पडून उलटं फिरतं ती जागा, असेल तर तो बाहेर सोडणारा आहे की धरून ठेवणारा? हे सगळं बघून पटलं तर जा, नाहीतर बोट घेऊन काठानं चालत जा. चालत जाणं हा खेळाचाच भाग आहे, जगातले सगळे चांगले कयाकर रॅपिड सोडून चालतात, आणि तुमच्या पोरांनी तुम्हाला चालताना बघितलं तर तीही कधीतरी चालतील.

पोटात गोळा येतो म्हणालात. दादा, तो आता येतो याचा मला आनंद झाला. तुमच्या शरीराला खांद्याचं माहीत आहे, तुम्ही ते मान्य करायच्या आधीपासून माहीत आहे, आणि ते तुम्हाला सांगतंय. भित्रा माणूस पत्र लिहीत नाही, तो बोट पोटमाळ्यावर टाकतो आणि दुकानात गिऱ्हाईक वाढलंय म्हणून सांगतो.

वॉल्ट ब्लॅकाडार हे नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतला, आयडाहो राज्यातल्या सॅमन गावचा डॉक्टर, कयाकिंग शिकला तोच चाळिशीत. १९७१ साली ४९ व्या वर्षी त्यानं कॅनडातली, अल्सेक नदीची टर्नबॅक कॅन्यन एकट्यानं पार केली, तोवर ती कुणी केली नव्हती, आजही भल्याभल्यांना ते पाणी झेपत नाही. आणि १९७८ मध्ये, ५५ व्या वर्षी, आपल्याच राज्यातल्या पेएट नदीच्या साउथ फोर्कवर पाण्यातल्या ओंडक्यात अडकून तो गेला. अल्सेकच्या मानानं ती नदी काहीच नव्हती. त्याचं नाव घेतलं की लोक टर्नबॅक आठवतात, मला मात्र पेएट आठवते, आणि हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. "एवढं मोठं पाणी मारलंय, हे तर काय" हा विचार वयाबरोबर आपोआप वाढत जातो म्हणून सांगतेय. कराडातल्या माणसाला कुंडलिका सोपीच वाटणार, इतक्या वर्षांची ओळख आहे. भिऱ्याला वीज तयार करून सोडलेलं मुळशीचं पाणी, सकाळी सुटतं, किती येणार याचा अंदाज असतो, दगड न् दगड पाठ. तिथंच तुम्ही पोहलात.

वय झालं म्हणून खेळ संपतो असं मी मानत नाही. इटलीची जोसेफा इदेम २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला ४७ व्या वर्षी फायनलला होती, जर्मनीच्या बिर्गिट फिशरनं पहिलं सुवर्ण १९८० ला अठराव्या वर्षी घेतलं आणि शेवटचं २००४ ला ४२ व्या वर्षी. पण त्या दोघी सपाट पाण्यात सरळ रेषेत बोट मारणाऱ्या, आणि तिथं दम आणि तंत्र टिकवलं की बरंच टिकतं. आपल्या साताऱ्यातही हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढणारे साठीतले लोक दिसतात, कौतुक वाटतं. व्हाइटवॉटरचं तसं नाही. तिथं दम कमी पडायच्या आधी दोन गोष्टी कमी पडतात, एक अचानक बसणारा झटका सोसायची सांध्यांची ताकद आणि दुसरी उलटायच्या त्या क्षणाला अंगानं आपणहून द्यायचं उत्तर. पहिलीसाठी व्यायाम आहे. दुसरीसाठी पाणी बदलावं लागतं, इलाज नाही. आणि सावरायला वेळ लागतो हे तर तुम्हाला कळलंच असेल, पूर्वी शनिवार-रविवार दोन्ही दिवस पाण्यात काढून सोमवारी दुकान उघडत असाल, आता शनिवारी बोट चालवली की रविवारी विश्रांती, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

खांद्याचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर हो म्हणाले की मग चांगले तीन-चार महिने नुसता व्यायाम. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, पाठीचे, खवाट्याचे व्यायाम, आणि पाठीचा कणा दोन्ही बाजूंना वळवायचे व्यायाम, कारण पाठ वळत नसली की तेवढं सगळं खांद्यावर येतं. तुमच्या वयाच्या पॅडलरांची पाठ लाकडासारखी झालेली असते, दिवसभर दुकानात खुर्चीवर बसून तर जास्तच. हे कंटाळवाणं आहे. रोज करायचं. मग टँकवर रोल, दोन्ही बाजूंचा, आणि जिथं दुखेल तिथं थांबायचं. हाय ब्रेसची, म्हणजे हात उंच करून पॅडलवर तोल सावरायची, सवय मोडायची, हात डोक्याच्या वर आणि मागं गेला की खांदा निखळतो, तुमचाही बहुतेक तसाच निखळला असणार. लो ब्रेस, कोपर खाली, दोन्ही हात कायम छातीसमोर दिसले पाहिजेत, मागं काही बघायचं असेल तर हात मागं न नेता सगळं धड वळवायचं. आणि बोट उचलून गाडीवर चढवणं, वीस किलोचं ते धूड उजव्या खांद्यावर टाकून नदीपर्यंत चालणं, हे बंद. पोरांना उचलू दे. खांदा पाण्यासाठी ठेवा.

तोपर्यंत अगदीच राहवलं नाही तर, डॉक्टरांनी परवानगी दिली तर, बामणोली नाहीतर तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयावर सपाट पाण्यात हळू पॅडल मारा. कंटाळा येईल तुम्हाला. येऊ दे. पण पहाटे तिथं वारा नसतो, पाण्यावर तुमच्या पात्याचाच आवाज येतो आणि उजवा स्ट्रोक डाव्यापेक्षा किती तोकडा पडतोय ते स्वतःला ऐकू येतं, रॅपिडच्या गोंगाटात ते कधीच कळणार नाही.

आता मलबार. जाऊ नका. यंदा बघायलाही जाऊ नका असं मी सांगेन. ते कोडंचेरीचं पाणी, चालीपुळा काय आणि इरुवंजीपुळा काय, भर पावसाळ्यातलं, अरुंद, दगडांतून उड्या मारत जाणारं, पाऊस पडला की काही तासांत चढणारं. तिथं काठावर रेनकोट घालून उभं राहून पोरांना बघणं तुम्हाला जमणार नाही, तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीतून दिसतंय, दुसऱ्या दिवशी कुणाची तरी बोट मोकळी असेल आणि तुम्ही स्कर्ट चढवाल.

कोयनेचं विचारलंत त्यावर मी जास्त कडक बोलणार आहे आणि हे पोरांनाही वाचून दाखवा. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सुटतं तेव्हाची कोयना वेगळी आणि दरवाजे फुटा-फुटानं उचलल्यावरची कोयना वेगळी. काठावरच्या गावांना इशारा दिलेला असतो, पाणी शेतात शिरलेलं असतं, म्हणजे जिथं काठ असायला हवा तिथं बाभळी, विहिरी, तारेची कुंपणं, मोटारींच्या केबली. एडी म्हणून जिथं घुसाल तिथं उसाचा फड असेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बंधारे. कोल्हापुरी बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले तर वरून पडणारं पाणी खाली जाऊन उलटं फिरतं, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही, नुसता एक सरळ पांढरा पट्टा, आणि त्यात सापडलेला माणूस, बोट, ओंडका सगळं परत परत भिंतीकडे ओढलं जातं, या काठापासून त्या काठापर्यंत बाहेर पडायला जागाच नसते. नदीतल्या नैसर्गिक होलला बाजू असते, बंधाऱ्याला नसते. पावसाळ्याआधी बर्गे काढलेले असले तर खांबांच्या मधल्या गाळ्यांतून पाणी जातं आणि पुरात वाहून आलेली झाडं तिथंच आडवी अडकलेली असतात. दोन्हीतलं कुठलंही पाणी कयाकचं नाही, विशीतल्याचंही नाही. आम्ही सांगलीवाले पावसाळाभर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत झोपतो, ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ती पट्टी कुठवर गेली ते आठवलं तरी अजून नको वाटतं. तुमच्या प्रीतिसंगमावरून निघालेलं पाणीच आमच्याकडे येतं. त्या पाण्यात हौसेनं उतरलेल्या माणसाला शोधायला, ज्या बोटी म्हाताऱ्याकोताऱ्यांना काढायला लागतात, त्याच बोटी न्याव्या लागतात. एवढं पुरे.

पोरांचं. "काका, राफ्टमध्ये बसा की" हे तुम्हाला टोचतं, समजतं मला. पण त्या दिवशी काय झालं ते त्यांच्या बाजूनं बघा. ज्या माणसानं त्यांना रोल शिकवला तो डोळ्यांसमोर उलटा होता, बोटीचा तळ वर दिसत होता, पॅडल एकदा बाहेर आलं, परत आत गेलं, आणि त्यांना काही करता येत नव्हतं. ती घाबरलीत. आणि काय बोलायचं ते कळत नाही म्हणून जपतायत. त्यांना अजून हेही माहीत नाही की खांदा दुखतोय, तुम्ही लपवलंय. दादा, हे मात्र बरोबर नाही आणि मी गोड करून सांगणार नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो, तुम्ही पोहायला लागलात की एक तुमच्या मागं, एक बोटीच्या मागं, एक दोरी घेऊन काठावर पळतो, तेवढा वेळ त्यांच्यातलं कुणी उलटलं तर बघायला कोण आहे? ज्याला बाहेर काढायची वेळ येऊ शकते त्यानं आधी सांगायचं असतं. त्यांना चहाला बोलवा आणि सरळ सांगा, खांदा खराब आहे, तपासतोय, या सीझनला मी नाही, पुढच्या हिवाळ्यात येईन तेव्हा मला जे पाणी झेपतं ते मी निवडणार आणि मी चालत जातो म्हणालो की कुणी आग्रह करायचा नाही, आणि राफ्टमध्ये बसा असंही कुणी म्हणायचं नाही. बघा ती कशी मोकळी होतात.

वहिनींना पण सांगा, पोरांच्या आधी सांगा. रात्री तुम्ही कूस बदलताना कण्हता ते शेजारी झोपलेल्या माणसाला माहीत नसेल असं कसं होईल? त्यांना खांद्याचं माहीत आहे. फक्त पाण्यातलं माहीत नाही, आणि ते बाहेरून कळलं तर राग पाण्याचा येणार नाही, लपवल्याचा येईल. त्या "आता बंद" म्हणतील ही भीती असेल तर रिपोर्ट हातात घेऊन, पुढं काय करणार ते ठरवून सांगा, त्यांनाही डॉक्टरकडे घेऊन जा.

आणि शिकवण्याचं. आपल्या भागात हे रक्तातच आहे, पैलवानाची कुस्ती सुटली की तो वस्ताद होतो, लंगोट जाऊन हातात काठी येते, सगळ्यांना ते बघायची सवय, म्हणून तुम्हालाही तेच सांगतात. चांगल्या मनानं सांगतात. पण तुम्ही नाही म्हणालात ते मला आवडलं. शिकवणं हे वेगळं काम आहे, ज्याला मनापासून करायचंय त्यानं करावं, स्वतःचं बंद पडलं म्हणून भरपाई म्हणून करू नये, पोरांनाही ते कळतं. तुम्हाला बोट चालवायचीये तर बोट चालवा. सोपं पाणी नीट चालवणं हे कमी दर्जाचं नाही, उलट ग्रेड दोनच्या रॅपिडमध्ये एकही फुकट स्ट्रोक न मारता, प्रत्येक एडी पकडत, पाण्याच्या जोरावर बोट वळवत खाली येणं किती अवघड आहे ते तुम्हाला माहीत आहे, तरुणपणी ताकदीनं रेटून नेतो म्हणून ते शिकायचं राहून जातं.

जे गेलं त्याचं वाईट वाटणार. ते दोन वाक्यांत आवरायला मी सांगणार नाही. वीस-बावीस वर्षं हिवाळा आला की पिशवी भरायची सवय, नदीवर आपण पुढं आणि बाकीचे मागं ही सवय, ती जागा आता दुसऱ्या कुणाची आहे. काही दिवस चिडचिड होईल, जुलैत फोनवर पोरांचे व्हिडिओ येतील तेव्हा जास्त होईल. तेव्हा व्हिडिओ नका बघू, नाहीतर बघा आणि वहिनींशी बोला. आणि ऑपरेशननंतरही खांदा पूर्वीसारखा झाला नाही, डॉक्टर नदीच नको म्हणाले, तर मला पुन्हा लिहा, तो वेगळा विषय आहे आणि त्याचं उत्तर आज द्यायची गरज नाही.

राहिली बोट. माझं उत्तर आहे, विका. तुमच्याकडे प्लेबोट आहे असं गृहीत धरतेय, कारण वीसेक वर्षांपूर्वी शिकलेल्या बहुतेकांकडे तीच असते, छोटी, चपट्या टोकांची, लाटेवर खेळायला मस्त पण जरा कड बुडाली की उलटणारी. ती द्या एखाद्या तरुणाला आणि खांदा बरा झाल्यावर मोठ्या पोटाची रिव्हर रनर नाहीतर क्रीक बोट बघा, ती पाण्यावर उंच तरंगते, चुका माफ करते, उलटली तरी सरळ करायला सोपी जाते. पॅडलही हलकं आणि छोट्या पात्याचं घ्या, प्रत्येक स्ट्रोकला खांद्यावर येणारा भार कमी होतो. विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून टँकमध्ये बसून बघा, गुडघे नीट टेकतात का, कमरेला घट्ट बसते का, आणि जुना स्कर्ट लगेच बोटीबरोबर देऊन टाकू नका, नव्या बोटीच्या कॉकपिटला बसतो का ते आधी लावून बघा, बसला तर तेवढाच खर्च वाचेल.